कुत्र्याच्या वाटीतलं टोकियो

हिगाशी-कसाई हा टोकियोच्या पूर्व टोकाचा, एदोगावा वॉर्डातला भाग. तोझाई मेट्रो इथे पुलावरून धावते. कसाई स्टेशनाजवळ त्या पुलाखाली 1986 पासून भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. आसपास मध्यम उंचीच्या इमारती, शाळा, दवाखाने, आणि 2000 च्या सुमारास सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी यायला लागलेली भारतीय कुटुंबं. त्यांत मराठी घरंही आहेत. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, तेव्हा या भागाचं नाव महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतही झळकलं होतं.

या वस्तीत संध्याकाळी रस्त्यावर कुत्री दिसतात ती बहुतेक लहान चणीची: टॉय पूडल, चिवावा, मधूनच एखादा तांबूस शिबा. दुकानात त्यांच्या खाद्याची स्वतंत्र भिंत असते. पाकिटांवर जातीप्रमाणे चित्रं आणि वयाप्रमाणे आकडे छापलेले: एक वर्षापर्यंत, 7 वर्षांवरील, 11 वर्षांवरील, 15 वर्षांवरील. पाकीट उलटं केलं की मागे बारीक अक्षरांत पाच गोष्टी कायद्याने असाव्याच लागतात: खाद्याचं नाव, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, घटक, कोणत्या देशात बनलं ते, आणि बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता. या पाच ओळी छापून घेण्यासाठी जपानला 2009 साल उजाडावं लागलं. त्याआधी कुत्र्याच्या पोटात काय जावं याची काळजी फक्त घरातल्या बाईला, नाहीतर कारखानदाराला होती.

कुत्र्याच्या खाण्यात सरकारने लक्ष घालण्याचा एक जुना आणि अजब प्रसंग मात्र जपानच्या इतिहासात आहे. पाचवा तोकुगावा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, त्सुनायोशी हा राशिचक्रातल्या कुत्र्याच्या वर्षात जन्मलेला. प्राणिमात्रांवर दया करा असे हुकूम त्याने एकामागून एक काढले आणि ते मोडणाऱ्यांना कडक शिक्षा दिल्या. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मोकाट कुत्री वाढली तेव्हा 1695 मध्ये नाकानोला अवाढव्य आवार बांधून त्यांना तिथे नेलं गेलं. तिथली संख्या 80 हजारांच्या वर गेल्याचं सांगतात. त्यांना खायला मिळायचा पांढरा भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) आणि सुकवलेले तारले. याचा खर्च शहरवासी आणि आसपासचे शेतकरी यांच्याकडून वसूल होई. ज्या शेतकऱ्याला स्वतःला रोज पांढरा भात परवडत नव्हता, तो कुत्र्यांच्या भातासाठी कर भरत होता. 1709 मध्ये शोगुन वारला आणि ही व्यवस्था लगेच मोडीत निघाली.

त्या शिध्याकडे आज पाहिलं तर तो फार बरा नव्हता. कांडून पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या एदोतल्या माणसांनाच एक विचित्र रोग होई. पाय सुजायचे, बधिर व्हायचे, शेवटी हृदय थांबायचं. गावाकडे परतलं की तो बरा होई, म्हणून लोक त्याला एदोचं दुखणं म्हणत. तो बेरीबेरी होता. तांदळाच्या कोंड्यात जो जीव आहे तोच कांडताना निघून जातो, हे कळायला विसावं शतक यावं लागलं. 1910 मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक सुझुकी उमेतारो यांनी कोंड्यातून तो घटक वेगळा काढला. आज आपण त्याला जीवनसत्त्व ब-1 म्हणतो.

त्याच कृषी महाविद्यालयात शेतीची जलव्यवस्था शिकवणारे दुसरे एक प्राध्यापक होते, उएनो हिदेसाबुरो. 1924 मध्ये त्यांनी अकिता प्रांतातून एक पिल्लू आणवलं. पुढच्याच वर्षी, मे 1925 मध्ये, प्राध्यापक अचानक गेले आणि ते कुत्रं, हाचिको, जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनाशी येत राहिलं. ही कथा जगाला माहीत आहे. हाचिकोच्या पोटाची कथा फार कमी लोकांना माहीत आहे.

8 मार्च 1935 रोजी हाचिको शिबुयात मेलेला सापडला. विद्यापीठात त्याचं शवविच्छेदन झालं. हृदयात जंत होते. जठरात याकितोरीच्या, म्हणजे कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या तुकड्यांच्या, चार बांबूच्या काड्या निघाल्या. स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवरचे लोक त्याला प्रेमाने घास द्यायचे आणि तो काडीसकट गिळायचा. बरीच वर्षं त्या काड्यांनीच त्याचा जीव घेतला असं बोललं गेलं. पण काड्यांनी जठराला इजा केली नव्हती. त्याचे अवयव विद्यापीठाने जपून ठेवले होते. 2011 मध्ये संशोधकांनी ते आधुनिक यंत्रांनी पुन्हा तपासले तेव्हा हृदयात आणि फुप्फुसांत कर्करोग आढळला.

जपानमधल्या सर्वांत लाडक्या कुत्र्याचं जेवण असं होतं. घरात पोसलेल्या कुत्र्यांचं याहून फार वेगळं नव्हतं: उरलेला भात, त्यावर मिसोचं सूप, माशाचं डोकं किंवा काटे. आपल्याकडे जसा कुत्र्यासाठी भाकरीचा तुकडा आणि ताकाचा घोट बाजूला ठेवत, तसंच. कसाई त्या काळी कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव होतं. टोकियो उपसागराच्या उथळ पाण्यात शिंपले आणि नोरी हे खाण्याचं समुद्रशेवाळ निघे. माणसाच्या ताटात मासळी, म्हणून कुत्र्याच्या वाटीतही मासळीच.

युद्धाने ती वाटीही काढून घेतली. 1940 मध्ये जपानच्या संसदेत एका सदस्याने लष्करी कुत्री सोडून बाकीची सगळी मारून टाकावीत, म्हणजे अन्न वाचेल, अशी सूचना केली. डिसेंबर 1944 मध्ये तर पाळीव कुत्री सरकारजमा करण्याचा आदेश मंत्रालयांतून निघाला. सैनिकांच्या कपड्यांसाठी कातडं हवं होतं. गावोगावी मुलांनी आपली कुत्री दोरीला धरून नेऊन दिली. जपानी लेखकांनी आणि चित्रकारांनी पुढे या आठवणींवर मुलांसाठी पुस्तकं केली. ती वाचताना अजूनही घशात काहीतरी अडकतं.

तिकडे इंग्लंड-अमेरिकेत मात्र कुत्र्याचं खाणं कधीच बाजारात आलं होतं. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस धंद्यासाठी लंडनला आला. गोदीत जहाजांवरची टणक बिस्किटं फेकून दिली जातात आणि कुत्री त्यांवर तुटून पडतात, हे त्याने पाहिलं, अशी गोष्ट सांगतात. त्याने गहू, बीट, भाज्या आणि वाळवलेलं गुरांचं मांस यांची बिस्किटं केली आणि शिकारी कुत्री बाळगणाऱ्या इंग्रज जमीनदारांना चढ्या भावात विकली. त्याच्या दुकानात चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा नोकरीला लागला. पुढे 1891 मध्ये त्याने सुरू केलेलं कुत्र्यांचं प्रदर्शन आजही जगात पहिल्या पंक्तीत आहे. प्रदर्शन, जातिवंतपणा आणि विकतचं खाणं यांची गाठ अशी पहिल्याच पिढीत पडली, आणि ती पुढे सुटली नाही.

1922 मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे कुत्र्यांसाठी आले. मोटारी आल्या होत्या आणि निकामी झालेले घोडे भरपूर होते. डब्यांनी बाजार व्यापला. मग दुसरं महायुद्ध आलं, पत्र्यावर नियंत्रण आलं आणि कारखाने कोरड्या खाद्याकडे वळले. 1957 मध्ये एका मोठ्या कंपनीने नाश्त्याचे धान्यकण फुगवण्याचं यंत्र कुत्र्याच्या खाद्याला लावलं. पीठ, मांसाची भुकटी आणि पाणी यांचा गोळा वाफेच्या दाबाखाली शिजतो, मग चकलीच्या सोऱ्यातून यावा तसा साच्यातून बाहेर ढकलला जातो. बाहेर येताच तो फुगतो, त्याचे तुकडे पडतात, ते वाळवतात आणि वरून चरबी फवारतात. आज जगातलं बहुतेक कोरडं खाद्य असंच बनतं.

पण यंत्रापेक्षा मोठी गोष्ट प्रयोगशाळेत घडली होती, आणि तिची किंमत कुत्र्यांनीच मोजली होती. 1919 मध्ये लंडनमध्ये एडवर्ड मेलन्बी यांनी पिल्लांना सूर्यप्रकाशाबाहेर ठेवून ओटसारख्या धान्यावर वाढवलं. त्यांची हाडं मऊ पडून वाकली. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर ती सावरली. मुडदूस हा आहारातल्या कमतरतेचा रोग आहे हे त्यातून उघड झालं, आणि लाखो मुलांची हाडं वाचली. 1937 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला कॉनराड एल्व्हेजेम यांनी जीभ काळी पडून मरायला टेकलेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल देऊन बरं केलं. मक्यावर जगणाऱ्या गरीब माणसांच्या पेलाग्रा रोगावरचा उपाय तिथे हाती लागला. कोणत्या जीवनसत्त्वाशिवाय शरीर कसं मोडतं याचे धडे माणसाने कुत्र्यांच्या अंगावर गिरवले. 'संपूर्ण आहार' हे शब्द पाकिटावर छापणं शक्य झालं ते त्या ज्ञानामुळे. त्या मुक्या जनावरांचं हे ऋण आहे आणि ते विसरता कामा नये.

आजारी कुत्र्याला वेगळं खाणं द्यावं ही कल्पनाही त्याच सुमाराची. अमेरिकेतल्या अंधांच्या पहिल्या मार्गदर्शक कुत्र्यांपैकी एका मादीची मूत्रपिंडं बिघडली. मार्क मॉरिस या पशुवैद्याने तिच्यासाठी कमी मिठाचं, मोजक्या प्रथिनांचं खाणं घरी शिजवलं आणि काचेच्या बरण्यांत भरून पाठवलं. 1948 मध्ये ते डब्यात भरून कारखान्यातून निघू लागलं. मूत्रपिंडाच्या रोगात आजही पशुवैद्य जे खाद्य लिहून देतात, त्याचं मूळ तिथे आहे.

जपानी लोकांना कुत्र्याच्या खाद्याचे डबे पहिल्यांदा दिसले ते युद्धानंतर, अमेरिकन फौजांच्या छावण्यांत. ज्या देशात माणसांना रेशनवर रताळी मिळत होती, तिथे कुत्र्यासाठी मांस डब्यातून येतं हे दृश्य किती बोचलं असेल! दहा-पंधरा वर्षांत मात्र चित्र पालटलं.

1960 मध्ये क्योदो शिर्यो या पशुखाद्य कंपनीने 'बिता-वान' बाजारात आणलं. जपानमध्ये बनलेलं हे पहिलं विकाऊ कुत्र्याचं खाद्य. ते पशुखाद्य कंपनीकडून यावं यात नवल नव्हतं. कोंबड्या आणि डुकरांसाठी मका, पेंड, माशांची भुकटी आणि जीवनसत्त्वं मोजून मिसळण्याची विद्या तिच्याकडे होतीच. अवघड होतं ते गिऱ्हाईक. कुत्र्यासाठी पैसे मोजून खाणं आणायचं, हे सामान्य घरात कुणाला पटणार? उरलेलं अन्न फुकट जाऊ नये म्हणूनच तर कुत्रं पाळायचं.

पण उरलेलं अन्नच कमी होऊ लागलं होतं. डिसेंबर 1955 मध्ये जपानमध्ये विजेवर भात शिजवणारं भांडं विक्रीला आलं होतं. मग शीतकपाटं आली, त्रिकोणी-चौकोनी कुटुंबं झाली, आणि भात लागेल तेवढाच शिजू लागला. कसाईच्या किनाऱ्यावर तर मासळीच आटत होती. 1958 मध्ये एदोगावा नदीकाठच्या एका कागद कारखान्याचं काळं पाणी उपसागरात उतरलं. मासे आणि शिंपले मेले. 10 जून रोजी शेजारच्या उरायासूचे सुमारे 700 मच्छीमार कारखान्यात घुसले आणि पोलिसांशी त्यांची चकमक झाली. त्या संतापातून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाण्याच्या प्रदूषणावरचे जपानचे पहिले कायदे झाले. तरी समुद्र परत आला नाही. 1962 मध्ये कसाईच्या मच्छीमारांनी आपले हक्क सोडून दिले, पुढे किनारा भराव घालून बुजवला गेला, 1969 मध्ये कसाईला मेट्रो आली, आणि कोळीवाड्याच्या जागी नोकरदारांची वस्ती उभी राहिली. त्या वस्तीतल्या कुत्र्याला माशाचं डोकं कुठून मिळणार? त्याच्यासाठी पाकीटच आणावं लागणार होतं.

जुनं खाणं सगळंच गोड होतं असं मात्र मानू नये. आज अनेकजण 'पूर्वी कुत्री घरचं खाऊन ठणठणीत असायची' असं म्हणतात. आकडे तसं सांगत नाहीत. भात आणि मिसोच्या सुपात मीठ जास्त, कॅल्शियम आणि प्रथिनं कमी. त्याहून वाईट म्हणजे त्या सुपातली पात आणि कांदा. कांदा-लसणाच्या कुळातले गंधकयुक्त पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने हा दोष जात नाही, आणि सुकियाकीसारख्या पदार्थाच्या नुसत्या रश्शातूनही तो उतरतो. होक्काइडो विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अकिता, शिबा अशा जपानी जातींतल्या काही कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम आणि ग्लुटाथायोन उपजतच जास्त असतं, आणि अशा कुत्र्यांना कांद्याने इतरांपेक्षा अधिक तीव्र रक्तक्षय होतो. म्हणजे ज्या जाती शतकानुशतकं जपानी घरांत राहिल्या, त्यांच्यातल्याच काहींना त्या घरातलं सूप सर्वांत जास्त बाधत होतं. विकतच्या खाद्याने कुत्र्याच्या वाटीतून कांदा काढून टाकला. या एकाच गोष्टीसाठीही त्याचे आभार मानायला हवेत.

टोकियोतल्या प्राण्यांच्या दफनभूमी आणि दहनभूमी हा इथल्या संशोधकांचा मोठा खजिना आहे, कारण तिथे प्रत्येक प्राण्याचं वय नोंदलं जातं. 2012 ते 2015 या काळात टोकियोतल्या अशा आठ ठिकाणच्या 12 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी आयुर्मान निघालं 13.7 वर्षं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच नोंदींवरून जे आयुर्मान काढलं होतं, त्याच्या हे दीडपटीहून जास्त आहे. तीस वर्षांत एवढी झेप!

या झेपेचं सगळं श्रेय पाकिटाला देणं चुकीचं ठरेल, आणि जाहिराती नेमकं तेच करतात. हाचिकोच्या हृदयात सापडलेले जंत डासांमुळे पसरतात. 1980 च्या दशकात त्यांच्यावर महिन्यातून एकदा द्यायची गोळी आली आणि असंख्य कुत्री वाचली. पिसाळण्याच्या रोगाविरुद्ध 1950 मध्ये कायदा झाला, 1957 नंतर तो रोग देशातल्या प्राण्यांत दिसला नाही. लसी आल्या, दवाखाने वाढले. आणि अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं घरात, गादीवर आलं. खाद्य हा या सगळ्यातला एक खांब आहे. मोठा खांब, पण एकच.

एका बाबतीत तर पाकिटाकडे संशयानेही पाहिलं गेलं. कुत्री म्हातारी होऊ लागली तशी काही घरांतली शिबा कुत्री रात्रभर ओरडू लागली, कोपऱ्यात शिरून मागे फिरायचं विसरू लागली. 1990 च्या दशकात उचिनो नावाच्या पशुवैद्यांनी कुत्र्यांच्या या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास केला आणि तो मोजण्यासाठी 100 गुणांची श्रेणी बसवली. शिबा आणि तिच्या संकरात हा आजार जास्त दिसत होता. पिढ्यानपिढ्या मासळीवर वाढलेल्या या कुत्र्यांना एकाच पिढीत पाश्चात्त्य पद्धतीच्या मांस-धान्याच्या खाद्यावर आणलं, माशातली मेदाम्लं तुटली, हे तर कारण नसेल ना, असा प्रश्न पुढे आला. हा तर्कच आहे, सिद्ध झालेला कार्यकारणभाव नाही. शिबा इतरांपेक्षा जास्त जगतात, म्हणून म्हातारपणाचा आजार त्यांच्यात जास्त दिसतो, असंही म्हणता येतं. पण आज जपानी दुकानातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या खाद्यावर माशाच्या तेलाचा उल्लेख ठळक अक्षरांत असतो, त्याचं एक मूळ या प्रश्नात आहे. कसाईच्या समुद्रातून गेलेली मासळी तेलाच्या रूपाने वाटीत परतली.

मग आलं 2007 साल. त्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली. मेन्यू फूड्स या कंपनीने कोट्यवधी डबे आणि पाकिटं बाजारातून परत घेतली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन मिसळलेलं निघालं. मेलामाइन म्हणजे प्लास्टिकच्या ताटल्या बनवायचं रसायन. त्यात नायट्रोजन भरपूर असतो आणि प्रथिन मोजण्याची साधी चाचणी नायट्रोजनच मोजते. भेसळ करणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. मेलामाइनच्या जोडीला सायन्युरिक आम्ल आलं की मूत्रपिंडात स्फटिक बसतात. संशोधकांनी जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा पाहिले तेव्हा आणखी धक्का बसला. 2004 मध्ये आशियातल्या देशांत थायलंडमध्ये बनलेलं खाद्य खाऊन कुत्री अशीच मेली होती, त्यांच्या मूत्रपिंडांतही तेच स्फटिक होते. तीन वर्षं ते कुणाला ओळखू आले नव्हते.

जपानपुढे त्या वेळी एक लाजिरवाणी गोष्ट उघडी पडली. गाय, डुक्कर, कोंबडी यांच्या खाद्यावर कायदा होता, कारण ती माणसाच्या ताटात येतात. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर कायदाच नव्हता. विषारी माल सापडला तरी तो थांबवायला सरकारच्या हातात काही नव्हतं. कंपन्यांनी आपणहून माल परत घ्यावा, एवढीच अपेक्षा करता येत होती. मग कृषी आणि पर्यावरण या दोन्ही खात्यांनी मिळून काम हाती घेतलं. जून 2008 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 1 जून 2009 पासून लागू झाला. मेलामाइन एका ग्रॅममागे 2.5 मायक्रोग्रॅमच्या वर नको. बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन बी-1 ची मर्यादा 0.02 मायक्रोग्रॅम. चरबी खवट होऊ नये म्हणून घालतात त्या इथॉक्सिक्विनची कुत्र्यांच्या खाद्यात 75 मायक्रोग्रॅम. कारखान्यात जाऊन तपासणी करायचा, विक्री थांबवायचा, माल नष्ट करायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. नियम मोडणाऱ्या कंपनीला 10 कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो. मागच्या बाजूच्या त्या पाच ओळी याच कायद्याने आल्या.

कायद्याने विष अडवलं. पण आहार योग्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न, आणि तिथे अजून सगळं मिटलेलं नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने एक चौकशी जाहीर केली. धान्य नसलेलं, वाटाणा-मसूर-बटाट्यावर आधारलेलं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांचं हृदय मोठं होऊन कमजोर पडत होतं. धान्य नको म्हणजे ते अधिक नैसर्गिक, असा प्रचार तेव्हा जोरात होता आणि टोकियोच्या दुकानांतही तशी पाकिटं होती. डिसेंबर 2022 मध्ये, नवं शास्त्रीय ज्ञान हाती आल्याशिवाय यापुढे माहिती जाहीर करणार नाही, असं त्या प्रशासनाने सांगितलं. नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. कुत्र्याच्या खाण्यातल्या फॅशनच्या मागे धावू नये, एवढं मात्र यातून खुशाल म्हणावं.

आणि एवढ्या सगळ्या भानगडींत ज्याने असंख्य कुत्र्यांचं आयुष्य कमी होतं, ते कारण अगदी घरगुती आहे: जास्त खाणं. 1987 मध्ये अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या, दोन्ही एकाच वेताची. एकाला जेवढं द्यायचं त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्याला. खाद्य तेच, फरक फक्त मापाचा. आयुष्यभर पाहणी चालली आणि निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य 13 वर्षं, पोटभर खाणाऱ्यांचं 11.2. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांत उशिरा आली. हा अभ्यास खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता, म्हणून त्याचा निष्कर्ष अधिक मोलाचा. पाकिटावर किती ग्रॅम द्यायचं ते छापलेलं असतं, पण मोजून घालतो कोण?

जपानमध्ये तर हा धोका आणखी मोठा. पेट फूड असोसिएशनच्या 2023 च्या पाहणीत देशात सुमारे 68 लाख कुत्री आणि 90 लाख मांजरं होती. दोन्ही मिळून पंधरा वर्षांखालच्या मुलांपेक्षा जास्त. ज्या घरात लहान मूल नाही, तिथे लाड करायला कुत्रंच असतं, आणि लाड खाण्यातूनच होतात. तीन किलोच्या चिवावाला दिलेला चीजचा एक चौकोन म्हणजे त्याच्या मानाने अर्धं जेवण होतं.

हिगाशी-कसाईतल्या मराठी घरांतही आता कुत्री येऊ लागली आहेत. काही जपानमध्येच घेतलेली, काही भारतातून आणलेली. भारतातून कुत्रं आणणं सोपं नाही. आधी अंगात मायक्रोचिप, मग पिसाळण्याच्या रोगाच्या किमान दोन लसी, मग रक्ताची तपासणी, आणि त्या तपासणीनंतर 180 दिवसांची वाट. येण्याच्या किमान 40 दिवस आधी विमानतळावरच्या प्राणी-विलगीकरण खात्याला कळवावं लागतं. एवढा खटाटोप करून आणलेलं कुत्रं पुण्यात किंवा अंबरनाथला दूध-पोळी आणि वरणभातावर वाढलेलं असतं. टोकियोत उतरल्या दिवशी त्याच्यापुढे कोरडे दाणे ठेवले की ते तोंड लावत नाही, किंवा खाल्लंच तर पोट बिघडतं. पशुवैद्य सांगतात की जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करावा. हे ऐकावं.

त्याबरोबर पाकीट विकत घेताना पुढचं चित्र न पाहता मागची बाजू वाचावी. जपानी वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होतं. 'सोगो एइयो शोकु' म्हणजे संपूर्ण पोषण देणारं खाद्य, असे शब्द असलेलं पाकीटच रोजच्या जेवणासाठी घ्यावं. खाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर ते नसतात, आणि नुसत्या खाऊवर कुत्रं वाढवता येत नाही. दाणे मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरावा.

घरचं द्यायचंच असेल तर साधा भात, उकडलेली कोंबडी, उकडलेलं गाजर खुशाल द्यावं. पण मराठी स्वयंपाकात उरलेलं अन्न म्हणजे जवळजवळ नेहमीच कांदा-लसूण घातलेलं अन्न. आमटी, रस्सा, भाजी, मटणाचं कालवण, कशातही तो असतोच. कुत्रं टेबलाखाली कितीही डोळे लावून बसलं, तरी कांदेपोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवू नका.